अंदाज, प्रत्यक्ष, फरक

सरांसमोर तीन शब्द उच्चारायची सोय नव्हती : साधारण, जवळपास आणि फार. चुकून कोणाच्या तोंडून निघालाच, तर सर हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याला वाकून ऐकावं लागेल इतक्या हळू आवाजात विचारायचे, "म्हणजे किती?" एकदा प्राचार्य लॅबमध्ये येऊन "आज फार उकडतंय" म्हणाले. सरांनी त्यांनाही सोडलं नाही. खिडकीतला थर्मामीटर वाचून दाखवला, छत्तीस पूर्णांक चार, आणि वर म्हणाले, "आता म्हणा." प्राचार्य पुन्हा आमच्या लॅबकडे फिरकले नाहीत, ही सरांच्या दृष्टीने सोयच झाली.

ती लॅब म्हणजे नाशिकच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजातली मोजमापाच्या यंत्रांची लॅब. सर तिचे प्रमुख आणि मी कंत्राटी प्रयोगशाळा सहायक. दर मार्चमध्ये माझं कंत्राट वाढायचं किंवा नाही वाढायचं. घरी आई आणि मी, तिसरं कोणी नाही, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की माझी झोप उडायला सुरुवात व्हायची. सर मला मॅडम म्हणत. ते सगळ्यांनाच अहो-जाहो करत. लॅबच्या दारात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही "जरा सरकता का?" म्हणत, आणि आश्चर्य म्हणजे ते सरकायचं. आम्ही हाड हाड करून घसा कोरडा केला तरी ढिम्म.

त्यांचा खरा नाद चिठ्ठ्यांचा. कोणतीही गोष्ट मोजायची, तर आधी तिचा अंदाज कागदावर लिहायचा, हा त्यांचा नेम. कागद म्हणजे तारखेच्या कॅलेंडरची फाडलेली पानं, कोऱ्या बाजूने वापरलेली. त्यावर एकाखाली एक तीन ओळी : अंदाज, प्रत्यक्ष, फरक. पहिली ओळ मोजण्याआधी, उरलेल्या दोन नंतर. मग चिठ्ठीची घडी घालून ती चहापत्तीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. संध्याकाळी डबा उपडा करायचा, त्या दिवसाच्या चिठ्ठ्या एका पाकिटात आणि पाकिटावर तारीख. अशी पाकिटं त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षांची होती.

"यंत्राला विचारण्याआधी स्वतःला विचारायचं," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "नाहीतर यंत्र सांगेल ते खरं वाटायला लागतं."

मला हे खूळ वाटलं होतं. लॅबपुरतं असतं तर चाललं असतं, पण सर जातील तिथे चिठ्ठी. नाशिक रोडला पाहुण्यांना आणायला गेले तर गाडीला किती उशीर होणार याची चिठ्ठी. भाजीबाजारात वांगी तळहातावर तोलून चिठ्ठी, मग काट्यावर. एका विद्यार्थ्याच्या लग्नात मंगलाष्टकं किती वेळ चालणार याची चिठ्ठी लिहून ते घड्याळ धरून बसले होते, आणि अक्षता हातातच राहिल्या. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आमच्या घरी आले, तेव्हा आईकडे क्षणभर बघून त्यांनी खिशातून कागद काढला आणि लिहून विचारलं, "आपलं वय?" आईने सांगितलं. सरांनी फरक मांडला. दोन वर्षं, तीही जास्तीची. ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस आहे का वजनकाटा?" आणि पुढच्या संक्रांतीला त्यांना बोलवायचं नाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

पण आवाजाच्या बाबतीत त्यांचा अंदाज चक्रावून टाकणारा होता. सर देवळाली कॅम्पात लहानाचे मोठे झालेले, अजून तिथेच राहत. तोफांचा सराव चालू असला की तिकडे घरांच्या काचा थरथरतात. लहानपणी सर खिडकीच्या काचेला तळहात लावून बसायचे आणि कुठली तोफ किती लांब आहे ते ओळखायचा खेळ खेळायचे. "मोठा आवाज कानाने मोजायला गेलं की कान घाबरतो," ते म्हणायचे. "हात घाबरत नाही." गोंगाट वाढेल तसा त्यांचा स्वतःचा आवाज खाली जायचा. गॅदरिंगच्या दिवशी तर ते नुसते ओठ हलवत आणि आम्ही ओळखायचं.

अशा माणसाकडे एके दिवशी गाड्यांचे साउंडवाले आले.

मुंबई नाक्याकडे गाड्या सजवून देणारं एक दुकान होतं. त्याचे शेठ दरवर्षी स्पर्धा भरवत : कोणाच्या गाडीचा आवाज सगळ्यात मोठा. आदल्या वर्षी त्यांनी मोबाइलवर मोजला. तीन मोबाइलने तीन आकडे दाखवले आणि शेवटी स्पर्धक एकमेकांच्या गचांड्या धरून मोकळे झाले. या वर्षी पहिल्या आलेल्या एकाच गाडीला राज्याच्या फेरीत पाठवायचं होतं, म्हणून शेठला वाद नको होता. "सर, एकदम कम्प्युटरवालं मशीन पाहिजे. कोणाला तोंड उघडायला जागा नको," ते म्हणाले. मला वाटलं सर त्यांना हाकलतील. इतका हळू बोलणारा माणूस आणि काचा फोडणारे हे लोक. पण सरांनी एवढंच विचारलं, "एकशे पन्नास डेसिबलच्या वर जातात का?" शेठ म्हणाले, जवळपास. सर म्हणाले, "म्हणजे किती?" आणि काम ठरलं.

तीन आठवडे आम्ही कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये एका जुन्या गाडीवर ती जुळणी बसवत होतो. सांगायला सोपी होती. गाडीच्या पुढच्या काचेला आतून रबरी कपाने सेन्सर चिकटवायचा, कोपऱ्यापासून पट्टीने मोजून नेमक्या जागी. त्याची वायर दाराच्या रबरातून बाहेर काढून एका छोट्या पेटीत, पेटी लॅपटॉपला. आत माणूस नाही, काचा बंद, बाहेरून रिमोटने आवाज. लॅपटॉप चार्जरला लावायचा नाही, कारण विजेची गुणगुण आकड्यात शिरते. सरांनी हे शोधायला दोन दिवस घातले आणि त्या दोन दिवसांत ते इतके खूश होते की माझ्याकडून त्यांनी एकदा चहा मागून घेतला.

महत्त्वाचं पुढे होतं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा एक आकडा असतो. तो किती तिखट आहे ते सांगणारा, कारखान्यातून लिहून आलेला. तो आकडा लॅपटॉपमध्ये भरायचा. आमच्याकडे दोन सेन्सर होते, एक चालू आणि एक राखीव, दोघांचे आकडे वेगळे. सेन्सर बदलला आणि आकडा बदलला नाही, तर लॅपटॉप तोंड वर करून खोटं सांगणार आणि ते कळायचंही नाही. म्हणून वर आणखी एक पहारा : शिट्टी. मुठीएवढी एक डबी सेन्सरवर बसवायची, ती बरोब्बर एकशे चौदा डेसिबलचा एकसुरी आवाज देते. लॅपटॉपने एकशे चौदा दाखवले तर पुढे जायचं. या सगळ्याला चार मिनिटं लागतात. सरांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी माझ्याकडून पाठ म्हणवून घेतला होता. जोडणी सुटली की पहिल्यापासून. वायर नुसती हलली तरी शिट्टी.

स्पर्धा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सच्या पार्किंगमध्ये. सव्वीस गाड्या आल्या होत्या. टेबलावर लॅपटॉप, शेजारी चहापत्तीचा डबा आणि सर कानावर जाड मफ चढवून प्रत्येक गाडीच्या टपावर उजवा तळहात ठेवून डोळे मिटून उभे. आवाज चढला की गाडीच काय, आमचं टेबलही कापायचं. सर हात उचलून चिठ्ठीवर अंदाज लिहीत आणि मगच मी आकडा वाचून दाखवी. पोरं आधी हसली. पाच गाड्यांनंतर हसणं थांबलं, कारण सरांचा फरक एकदाही अर्ध्याच्या वर गेला नव्हता. दोघं-तिघं तर लॅपटॉप सोडून सरांच्या तोंडाकडे बघायला लागले.

अकरावी गाडी मनमाडच्या एका फिटरची होती. जुनी पांढरी व्हॅन, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. आतली लाकडी पेटी त्याने स्वतः कापून जोडलेली, आणि दारं आतून थरथरू नयेत म्हणून त्यांत चक्क जुनी गोधडी ठासून भरलेली.

"वायर जपून हां मॅडम," तो म्हणाला. "मागल्या टायमाला मोबाइलनं मोजलं अन् माझी गाडी सातवी काढली. मी म्हनलं, हे काय खरं नाय. लय भांडलो."

सरांनी टपावर हात ठेवला. अंदाज एकशे एकोणपन्नास. लॅपटॉप म्हणाला एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. फिटरने आधी व्हॅनला नमस्कार केला, मग लॅपटॉपला.

तेरा गाड्या झाल्या आणि शेजारच्या लॉन्समधून मुलीकडचे एक मामा तणतणत आले. त्यांच्याकडे साखरपुडा चालला होता आणि आमच्या आवाजाने भटजींचं कोणाला ऐकू येत नव्हतं. शेठने सरांना पुढे केलं. सर हातातलं छोटं मीटर घेऊन कुंपणाशी गेले आणि मामांशी कुजबुजत बोलायला लागले. मामा ओरडत होते आणि सर ओठ हलवत होते. वीस मिनिटं ते चाललं. तेवढ्यात इकडे चौदाव्या गाडीच्या मालकाने दार धाडकन लावलं आणि आमची वायर त्यात चेचली गेली. आकडा गेला, पडद्यावरची रेघ सपाट.

मी राखीव सेन्सर काढला, काचेला लावला, पेटीला जोडला. रेघ हलायला लागली. आता आकडा बदलायचा, मग शिट्टी. पण मागे बारा गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या आणि पोरांचा धीर सुटला होता. "ओ मॅडम, बॅटरी उतरतेय ना इकडं!" "सर कुठं गेले? यांना जमतंय का?" कोणीतरी शीळ घातली, कोणीतरी हॉर्न दाबून धरला. माझं डोकं मुळातच गरम. 'यांना जमतंय का' हे ऐकून तर तळपायाची आग मस्तकात गेली. चार मिनिटं या लोकांसमोर डबी धरून उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. रेघ हलतेय ना, मग झालं. मी हात वर केला आणि चौदावी गाडी घेतली.

सर परत आले ते पंधराव्या गाडीला. "सेन्सर बदललात?"

"हो. वायर चेचली."

"शिट्टी घेतलीत?"

"घेतली," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच त्या क्षणी ते खरं वाटलं. सरांनी मान डोलावली आणि टपावर हात ठेवला.

पंधरावी : सरांचा फरक एक पूर्णांक तीन. सोळावी : एक पूर्णांक पाच. सतरावी : एक पूर्णांक चार. मी मनाशी म्हटलं, दमले असतील, उन्हात उभे आहेत. मग एकोणिसावी गाडी आली, शेठच्या भाच्याची काळीभोर मोठी गाडी, आत सगळा बाहेरून मागवलेला माल. सरांचा अंदाज एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. लॅपटॉप म्हणाला एकशे एकोणपन्नास पूर्णांक सहा. पोरांनी एकच जल्लोष केला, फिटर दुसरा झाला. तेव्हा कुठे माझी नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक अक्षरात पहिल्या सेन्सरचा आकडा होता. दुसरा सेन्सर, पहिल्याचा आकडा.

चौदाव्या गाडीपासून सगळे आकडे चढे होते. भाचा हरला होता आणि मनमाडचा फिटर जिंकला होता, आणि हे त्या अख्ख्या मैदानात फक्त मला माहीत होतं. तिथल्या तिथे हात वर करून थांबवायला हवं होतं. मी नाही थांबवलं. चूक सांगितली असती तर एक वेळ भागलं असतं, पण मी 'घेतली' म्हणाले होते. आता सांगायचं म्हणजे आधी सांगायचं, की सरांना तोंडावर खोटं सांगितलं. आणि मार्च महिन्यावर आला होता. मी उरलेल्या सातही गाड्या तशाच मोजल्या. माझा आवाज आकडे वाचताना नीट येत होता याची मला आजही लाज वाटते.

गाड्या संपल्या. शेठने ट्रॉफ्या टेबलावर मांडल्या, माईकवाल्याने घसा साफ केला आणि निकालाचा कागद मागितला. निकाल पडद्यावर तयार होता, नुसता वाचायचा होता. सरांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं आणि कुजबुजले, "जरा थांबावं लागेल. लॅपटॉप अजून विचार करतोय."

मी सरांकडे बघतच राहिले. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली थाप होती. लॅपटॉप कसला विचार करतोय? त्याचं सगळं करून झालं होतं.

"किती वेळ सर?" शेठने विचारलं.

"थोडा," सर म्हणाले. तेही आकड्याशिवाय.

मग त्यांनी चष्मा पुसला. डाव्या काचेवरून दोनदा, उजव्या काचेवरून दोनदा. चहा मागवला. चहा आला, तो गार होईस्तोवर बशीत ओतला नाही. खिशातून कॅलेंडरचं पान काढून त्यावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि डब्यात टाकलं. सगळ्या गाड्या मोजून झाल्या होत्या, आता काय मोजायचं राहिलं होतं कोण जाणे. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. शेठ घड्याळ बघत होते आणि भाच्याची मित्रमंडळी आधीच त्याला खांद्यावर घ्यायच्या तयारीत होती. सरांना कळलंय, हे मला कळलं होतं. ते आता बोलतील, मग बोलतील, असं वाटून मी टेबलाची कड धरून उभी होते. ते बोलत नव्हते.

तेवढ्यात फिटर टेबलाशी आला. मला वाटलं भांडायला आला.

"मॅडम, घरी फोन करून टाकला. म्हनलं दुसरा आलो," तो म्हणाला. "मोबाइलचं मी मानलं नव्हतं. ह्याचं मानतो. मशीन खोटं कशाला बोलंल?"

आणि लॅपटॉपला पुन्हा एकदा नमस्कार करून तो गेला.

त्या नमस्काराने माझी वाट लागली. मी सरांच्या जवळ गेले आणि म्हणाले, "सर, मी शिट्टी घेतली नव्हती. आकडा पण बदलला नाही. चौदापासून सगळं चुकलंय."

सरांनी बशी खाली ठेवली. "मोठ्याने सांगा," ते म्हणाले. "इतक्या हळू मला ऐकू येत नाही."

आयुष्यभर कुजबुजलेला माणूस मला म्हणत होता मोठ्याने सांगा! मला त्यांचा असा राग आला की त्या रागातच मी माईकवाल्याच्या हातातून माईक ओढला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. सेन्सर मी बदलला, आकडा बदलायचा राहिला, तपासायचं ते मी तपासलं नाही आणि सरांना तपासलं म्हणून सांगितलं, एवढं बोलल्याचं आठवतं. माझा आवाज लॉन्सच्या भिंतीवर आपटून परत येत होता. साखरपुड्यातले मामासुद्धा कुंपणाशी येऊन उभे राहिले.

मग जे झालं ते व्हायचंच होतं. "हिला कोणी बसवलं इथं?" "आधी बरोबर होतं, आता कसं चुकलं?" भाचा टेबलावर हात आपटून म्हणाला, "मी हरतोय म्हणून चुकलं का?" सरांनी राखीव सेन्सरवर शिट्टी लावली आणि पडदा सगळ्यांकडे वळवला. एकशे चौदाच्या जागी एकशे पंधरा पूर्णांक चार. गर्दी थोडी गप्प झाली. पण वजाबाकी करून निकाल लावायला भाचा तयार होईना, कागदावर हरणार नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. शेवटी दोन्ही गाड्या पुन्हा मोजायच्या ठरल्या, आकडा दुरुस्त करून, शिट्टी सगळ्यांसमोर घेऊन.

फिटरच्या व्हॅनची बॅटरी तोवर बसली होती. पोरांना गाणी ऐकवत बसला होता बिचारा. दुसऱ्या एका गाडीवरून वायर लावून बॅटरी चढवली, त्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मी टेबलाशी एकटी उभी होते आणि माझ्या शेजारून जाणारा प्रत्येक जण मला ऐकू जाईल असं काहीतरी बोलून जात होता. सर शिट्टी हातात धरून माझ्यापासून चार हातांवर उभे होते. जवळ आले नाहीत आणि लांबही गेले नाहीत.

काळी गाडी : एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक एक. मग पांढरी व्हॅन. सरांनी टपावर हात ठेवला, डोळे मिटले, चिठ्ठी लिहिली. मी आकडा वाचला. एकशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सात.

फिटर ट्रॉफी घेऊन सरळ माझ्याकडे आला. वेड्यासारखी मी आभाराची वाट बघत होते.

"मॅडम, दोन तास आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "माझी आई तिकडं दुसऱ्या नंबरावर रडून बसली."

शेठ कॉलेजात येऊन काय बोलले मला माहीत नाही. मार्चमध्ये माझं कंत्राट वाढलं नाही. सरांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं होतं म्हणे, पण छत्तीस पूर्णांक चारनंतर प्राचार्य त्यांचं किती ऐकणार! शेवटच्या दिवशी मी सामान आवरताना सरांना विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"सोळाव्या गाडीला."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही थांबवलं असतं तर माझी नोकरी राहिली असती."

सर म्हणाले, "मापन चालू असताना मध्ये हात घालत नाहीत, मॅडम." आणि कपाटातून त्या दिवसाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "हे तुमचं."

मी चरफडत घरी आले. माणसाची नोकरी जातेय आणि यांना मापनाची पडलीय! त्या चिठ्ठ्या बघायची इच्छाच नव्हती. आईचं मत तर कधीच पक्कं झालं होतं. पाकीट माळ्यावरच्या ट्रंकेत गेलं. पुढे मला अंबडला उपकरणं तपासून देणाऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? मी जे झालं ते सांगितलं. समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या. आज तिथे मी प्रमुख आहे. माझ्या टेबलावरही एक चहापत्तीचा डबा असतो आणि माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात माळा आवरताना ते पाकीट हाताला लागलं. आता राग बराच निवला होता, म्हणून उघडलं. चिठ्ठ्या क्रमाने लावत गेले. चौदाव्या गाडीची नव्हती, तेव्हा सर कुंपणाशी होते. सोळाव्या चिठ्ठीखाली सरांनी अगदी बारीक रेघ मारली होती. शेवटी व्हॅनची दुसरी चिठ्ठी, फरक शून्य. आणि त्यानंतरही एक उरली होती. सगळ्या गाड्या मोजून झाल्यावर, चहा गार करत बसले होते तेव्हा लिहिलेली ती. त्यावर गाडीचा नंबर नव्हता.

अंदाज : मॅडम सांगणार नाहीत. मग मी सांगायचं, चूक माझ्या नावावर.

पहिलं वाक्य वाचून मला मुस्काटात बसल्यासारखं झालं. दोन वर्षं शेजारी बसून काम केलं आणि हा माणूस माझ्याबद्दल हे लिहितो! दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. मग खाली गेले.

प्रत्यक्ष : सांगितलं. सहा वाजून वीस मिनिटं.

फरक : फार.

मी माळ्यावरच्या धुळीत बसून रडले. खालून आई विचारत होती, काय झालं गं, काय लागलं का. किती वेळ बसले होते, ते मोजलं नाही.